उथळ पाण्यात मासेमारीसाठी कोणती बोट घ्यावी? (टँपा बे, फ्लोरिडा)

रेवदंडेकर

नमस्कार मंडळी. अकरा वर्षं टँपात राहतोय, मूळ गाव रेवदंडा. लहानपणी कुंडलिकेच्या खाडीत आजोबांच्या होडीतून जिताड्यामागे फिरलो, त्यामुळे इथे आल्यावर पहिल्याच वर्षी गळ हातात घेतला. आतापर्यंत पुलाखालून, धक्क्यावरून आणि कायाकमधून मासे धरले. आता बोट घ्यायची ठरवली आहे आणि गेले चार महिने डोकं भंजाळून गेलंय.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: इथे किनाऱ्यालगत मैलोन्‌मैल गुडघाभर पाण्याची गवताळ, वाळूची सपाट मैदानं आहेत. त्यांना फ्लॅट्स म्हणतात. भरतीबरोबर मासे त्यांवर चरायला येतात आणि पाणी नितळ असलं की ते डोळ्यांना दिसतात. तिथे जायला कमी पाण्यात तरंगणारी, आवाज न करणारी बोट लागते.

माझी गरज अशी: ओल्ड टँपा बे, वीडन आयलंडची तिवरं, फोर्ट डिसोटोची मैदानं, आणि वर्षातून एकदा-दोनदा एव्हरग्लेड्स. मासे म्हणजे रेडफिश, स्नूक, सी ट्राउट. बोटीत मी, बायको आणि ९ वर्षांची मुलगी. बजेट ट्रेलरसकट २५ हजार डॉलर, म्हणजे अर्थातच वापरलेली बोट. घराच्या बाजूला ट्रेलर लावायला जागा २३ फूट.

समोर तीन पर्याय आहेत.
१. सोळा फुटी पोलिंग स्किफ (बांबूने रेटता येणारी लहान, उघडी बोट), ६० हॉर्सपॉवर. कागदावर ड्राफ्ट, म्हणजे बोट पाण्यात बुडते ती खोली, ५ इंच.
२. अठरा फुटी फ्लॅट्स बोट, ११५ हॉर्सपॉवर. ड्राफ्ट ९ इंच.
३. एकवीस फुटी बे बोट, १५० हॉर्सपॉवर. ड्राफ्ट १४ इंच. ही ट्रेलरसकट माझ्या जागेत जेमतेमही बसत नाही, पुढचा दांडा दुमडणारा बसवावा लागेल.

मन पहिल्याकडे ओढतंय. ५ इंच म्हणजे घोट्याएवढं पाणी! तुमचे अनुभव सांगा.

पाणकावळा

तिसरा. बायको-मुलगी सोबत असणार असं लिहिलंत, तिथेच उत्तर आलं.

लगूना_माद्रे

ह्यूस्टनहून लिहितोय, पण माझी सगळी मासेमारी दक्षिण टेक्सासात, लगूना माद्रेमध्ये. सरासरी खोली जेमतेम हातभर-कमरेएवढी आणि पाणी समुद्राहून खारट. तिथे चौदा वर्षं काढली, तीन बोटी बदलल्या, तेव्हा हे जरा सविस्तर लिहितो.

ड्राफ्ट म्हणून जो एक आकडा सांगतात, तो तीनपैकी फक्त एका प्रश्नाचं उत्तर असतो. पहिला प्रश्न, बोट उभी असताना किती पाण्यात तरंगते. दुसरा, वेगात पाण्यावर चढलेली असताना किती पाण्यावरून पळते. आणि तिसरा, जो बोट विकणारा कधी सांगत नाही: थांबलेल्या जागेवरून वेग घेऊन पाण्यावर चढायला तिला किती पाणी लागतं. वेग घेताना नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, वर उठते आणि बोटीचा मागचा भाग खाली बसतो. ५ इंचांत तरंगणाऱ्या बोटीला उठायला १२-१४ इंच सहज लागतात.

माझी पहिली बोट अशीच होती. पळताना ८ इंच पाण्यावरून सहज जायची. मी ऐटीत एका मैदानाच्या मध्यावर जाऊन थांबलो, तीन तास मासे धरले, आणि निघायच्या वेळी तिला उठताच येईना. बांबूने रेटत पाऊण मैल आणली. सोबत मेहुणा होता, तो त्यानंतर माझ्याबरोबर मासे धरायला आला नाही.

आमच्याकडे म्हणून बोटीच्या बुडाला मागे बोगद्यासारखी खाच असलेल्या बोटी वापरतात. पाणी त्या खाचेतून वर येऊन पंख्याला मिळतं, त्यामुळे इंजिन उंच बसवता येतं. पण ती टेक्सासची गरज. लाटेत अशा बोटी दणादण आपटतात आणि मागे घेताना नीट वळत नाहीत. टँपात ती घेऊ नका.

तुमच्या तिन्ही बोटींसाठी विक्रेत्याला हा तिसरा प्रश्न विचारा. उत्तर नाही मिळालं तर पाण्यात नेऊन स्वतः बघा.

रेवदंडेकर

@लगूना_माद्रे, हे कुठल्याही व्हिडिओत ऐकलं नव्हतं. मनापासून आभार. सोळा फुटीच्या मालकाला आजच विचारतो.

जलरेषा

मी नौकाबांधणीचा अभियंता आहे. जहाजांवर काम केलंय, लहान बोटींवर नाही, पण गणित तेच. धागाकर्त्याने ५ इंच म्हणजे घोट्याएवढं पाणी असं लिहिलंय म्हणून हा प्रतिसाद.

कागदावरचा ड्राफ्ट बहुतेक वेळा रिकाम्या किंवा जवळजवळ रिकाम्या बोटीचा असतो. तुम्ही चढलात की ती किती खाली बसेल हे घरबसल्या काढता येतं. बोटीचा पाण्याला टेकलेला भाग वरून पाहिला तर केवढं क्षेत्रफळ व्यापतो ते पाहा. सोळा फुटीसाठी साधारण १५ फूट लांब, ५ फूट रुंद, आणि नाळेकडे निमुळती म्हणून त्याचे ९० टक्के. झाले ६७ चौरस फूट. एक घनफूट खाऱ्या पाण्याचं वजन ६४ पाउंड. म्हणजे बोट एक इंच खाली जायला ६७ गुणिले ६४ भागिले १२, सुमारे ३६० पाउंड लागतात.

आता वजनं मोजा. पेट्रोल गॅलनला ६ पाउंडांहून थोडं जास्त, म्हणजे २० गॅलनचे १२० पाउंड. जिवंत आमिषाच्या टाकीतलं खारं पाणी गॅलनला साडेआठ पाउंड. २५ गॅलनची टाकी भरली की २१० पाउंड पाठीवर. तीन माणसं. बर्फाची पेटी, नांगर, ट्रोलिंग मोटरच्या (बॅटरीवर चालणारी छोटी मोटर) बॅटऱ्या. सहज ९०० पाउंड होतात. अडीच इंच. तुमची ५ इंचांची बोट साडेसातला आली.

आणि हा सरळ सपाट हिशेब झाला. प्रत्यक्षात इंजिन मागे, मागच्या मचाणावर (बांबूने रेटायला उभं राहतात तो उंच ओटा) उभा माणूसही मागे, म्हणजे मागची कड आणखी खाली.

हाच हिशेब अठरा फुटीला लावा. ती जास्त रुंद असते, एका इंचाला ४७५ पाउंडांच्या आसपास लागतील. तेच ९०० पाउंड तिला दोन इंचांहून कमी बुडवतात. कागदावर दोघींत ४ इंचांचा फरक आहे, तुमच्या कुटुंबासह तो साडेतीनच्या खाली येतो. त्या साडेतीन इंचांसाठी तुम्ही रुंदी, लाटेतली सुरक्षितता आणि मुलीची बसायची जागा देताय. पटतंय का बघा.

सुरमई_फ्राय

जलरेषा, वाचनखूण साठवली. शाळेत आर्किमिडीज असा शिकवला असता तर!

अनघा_सारासोटा

मी स्वतः मासे धरत नाही, नवरा धरतो आणि गेली सहा वर्षं मी आणि मुलं बोटीत असतो. त्यामुळे रेवदंडेकरांच्या बायकोच्या बाजूने लिहिते.

सावली. फ्लोरिडात जूनमध्ये सकाळी दहानंतर उघड्या बोटीत बसणं ही शिक्षा आहे. पोलिंग स्किफवर छत नसतं, कारण गळ फिरवायला आडवं येतं. आमच्याकडे आधी तशीच बोट होती. मुलगा पाच वर्षांचा होता, दोन तासांत त्याचा चेहरा लाल व्हायचा. मग आम्ही येणंच सोडलं आणि नवरा एकटा जायला लागला. त्याला वाईट वाटायचं, मलाही.

दुसरं, बाथरूम. लहान मुलगी आहे म्हणून स्पष्ट लिहिते. छोट्या स्किफमध्ये आडोसाच नाही. मोठ्या बोटीत निदान मधल्या कन्सोलच्या (जिथे उभं राहून बोट चालवतात तो खोका) मागे पडदा लावता येतो.

तिसरं, कठडा. पोलिंग स्किफ म्हणजे पाण्यावर ठेवलेलं ताट. डेकला कडाच नाही. पोहता येत असलं तरी मूल घसरतं. मुलीला लाइफ जॅकेट सतत घाला. फ्लोरिडात २६ फुटांपेक्षा लहान बोट चालू असताना ६ वर्षांखालच्या मुलांना ते कायद्याने सक्तीचं आहे, पण नऊ वर्षांच्या मुलीलाही पाणी तेवढंच खोल असतं.

मालवणचो_झील

मी मालवणातच रवतंय, अमेरिका बघूक नाय. पण धागो वाचून रवलां नाय. आमच्या हय कर्लीच्या खाडीत वाळूचे पट्टे दरवर्षी जागा बदलतत. गेल्या वर्षी जय होडी चालली, थय ह्या वर्षी पाय रोवून उभे रवशात.

बाकी सगळ्यांना कळावं म्हणून प्रमाण मराठीत लिहितो. आमच्याकडे खाडीतली लहान होडी म्हणजे अजूनही पुष्कळदा उलांडीची. उलांडी म्हणजे होडीच्या एका बाजूला आडव्या दांड्यांनी बांधलेलं लाकूड. त्यामुळे होडी अरुंद असूनही कलंडत नाही आणि अरुंद असल्यामुळे हलकी चालते. उथळात वल्हं उपयोगाचं नाही, बांबू रोवायचा आणि रेटायचं. तुम्ही ज्याला पोलिंग म्हणता ते आम्ही लहानपणापासून करतो. त्यात एक गोष्ट महत्त्वाची: बांबू टेकवायचा, आपटायचा नाही. आपटला की मासा पन्नास हातांवरून पळतो. आणि वाऱ्याच्या विरुद्ध रेटत मासेमारी करायची नाही. वरच्या अंगाला जायचं आणि वाऱ्याबरोबर, भरतीबरोबर खाली यायचं.

एक विचारतो. तुमच्याकडे भरती-ओहोटीत पाणी किती चढतं-उतरतं?

रेवदंडेकर

@मालवणचो_झील, तुमचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. बांबू टेकवायचा, आपटायचा नाही, हे आजोबा शब्दशः असंच सांगायचे.

पाणी इथे दोन-तीन फूट. रेवदंड्याला उधाणाला पाणी तीन-चार मीटर चढताना बघितलेल्या माणसाला पहिल्यांदा ही भरती वाटतच नाही. शिवाय आपल्यासारखी दिवसातून दोनदा समसमान नाही. मेक्सिकोच्या आखातात कधी दोन भरत्या, कधी एकच, आणि दोन असल्या तरी एक मोठी, एक लहान. आपल्याकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. ते गणित इथे लावून बघितलं, अजिबात चालत नाही. तक्ताच बघावा लागतो.

लगूना_माद्रे

आणि तक्त्यावरही विसंबू नका. आमच्याकडे चंद्रापेक्षा वारा पाणी हलवतो. टँपातही हिवाळ्यात थंड हवेची लाट येऊन गेली की उत्तरेचा वारा उपसागरातलं पाणी बाहेर ढकलतो आणि तक्त्यापेक्षा फूटभर कमी पाणी मिळतं. कोकणात रुतलात तर सहा तासांत पाणी वर येऊन तुम्हाला सोडवतं. इथे वारा पडेपर्यंत बसावं लागतं.

म्हणून जानेवारीचा विचार करून बोट घ्या. उन्हाळ्यात सगळ्याच बोटी सगळीकडे जातात.

पाणकावळा

जिताडा आणि स्नूक यांचं काही नातं आहे का? फोटोत तोंडं सारखी दिसतात.

जलरेषा

मी बोटींचा माणूस, माशांचा नाही. कुणीतरी सांगा.

खारफुटी

आहे. मी मत्स्यशास्त्र शिकले, सध्या गोव्यात असते. जिताडा आणि स्नूक पूर्वी एकाच कुळात धरत. आता जिताड्याचं कुळ वेगळं मानतात, पण दोघं जवळचे. सवयी तर इतक्या जुळतात की जिताडा ओळखणाऱ्याला स्नूक शोधायला फार शिकावं लागत नाही. दोघं तिवरांच्या मुळांशी, पुलाच्या खांबाशी सावलीत दबा धरतात, वाहतं पाणी भक्ष्य आणून देईल याची वाट बघतात. दोघं खाऱ्या-गोड्या दोन्ही पाण्यात राहतात. आणि दोघंही आधी नर असतात, मोठे झाल्यावर मादी होतात. म्हणून सगळ्यात मोठा मासा सोडून देणं महत्त्वाचं. ती अंडी घालणारी मादी असते.

सुरमई_फ्राय

चव?

रेवदंडेकर

@सुरमई_फ्राय, जिताड्याची सर नाही, पण आगरी मसाल्यात स्नूक फार छान लागतो. बंद हंगाम आणि मापाचे नियम इतके कडक आहेत की वर्षातून एखाददुसराच घरी येतो.

@खारफुटी, हे अप्रतिम. आजोबा पुलाच्या खांबाजवळच होडी नेऊन थांबायचे, कारण कधी सांगितलं नाही.

वल्हेकरी

सगळे मोठ्या बोटीच्या बाजूने बोलताहेत म्हणून मी विरुद्ध बाजू मांडतो. माझ्याकडे सतरा फुटी पोलिंग स्किफ आहे, ऑरलँडोत राहतो, मॉस्किटो लगूनमध्ये जातो.

जलरेषांचं गणित बरोबर आहे. पण बोट उथळात जाते की नाही एवढ्यावर मासेमारी ठरत नाही. ती गप्प राहते का, हे जास्त महत्त्वाचं. रुंद बोटीच्या पुढच्या कडेखाली छोटी लाट शिरली की टपटप आवाज येतो. हवेत आपल्याला तो कौतुकाचा वाटतो, पण पाण्याखाली तो दूरवर जातो आणि सहा इंच पाण्यात शेपटी वर काढून चरणारा रेडफिश क्षणात निघून जातो. चांगल्या स्किफचं बुड आणि कडा हा आवाज होऊ नये म्हणूनच घडवलेल्या असतात. तुम्ही खरेदीआधी हे करा: बोट वाऱ्याला आडवी उभी करा, इंजिन बंद, सगळे गप्प, आणि पाच मिनिटं ऐका.

दुसरं म्हणजे मचाण. इंजिनाच्या वर उभं राहून रेटायचं ते मचाण १९७० च्या दशकात बिस्केन बेमधल्या बिल कर्टिस या गाइडमुळे रूढ झालं असं मानतात. त्याआधी लोक डेकवरून रेटायचे. तीन-चार फूट उंच उभं राहिलं की पाण्यावरची चकाकी कमी होते आणि मासा शंभर फुटांवरून दिसतो. ते एकदा अनुभवलं की दुसऱ्या प्रकारची मासेमारी नकोशी होते. मी माझ्या बोटीतून मासे कमी धरतो, बघतो जास्त. एका सकाळी चाळीस रेडफिशांचा थवा बोटीच्या दोन्ही बाजूंनी गेला आणि मी काठी हातात धरून नुसता उभा राहिलो. २१ फुटी बोटीतून हे दिसलं नसतं. रेवदंडेकरांचं मन पहिल्याकडे ओढतंय, त्याला कारण आहे. ते मारून टाकू नका.

अनघा_सारासोटा

@वल्हेकरी, तुम्ही सुंदर लिहिलंय. पण तुम्ही किती वेळा कुटुंबाला घेऊन जाता?

वल्हेकरी

वर्षातून दोनदा. तुमचा मुद्दा मान्य आहे.

खारफुटी

बोट कुठलीही घ्या, गवताबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

पंखा समुद्री गवतावरून गेला की फक्त पाती कापली जात नाहीत. जमिनीखालची आडवी मुळं तुटतात आणि पांढरा चर पडतो. टर्टल ग्रासमधला असा चर भरायला अनेक वर्षं लागतात, मधल्या काळात पाण्याचा प्रवाह तो आणखी रुंद करतो. याच गवतात कोळंबी, खेकडे, लहान मासे वाढतात. वल्हेकरींच्या मॉस्किटो लगूनपासून दक्षिणेकडे पसरलेल्या इंडियन रिव्हर लगूनमध्ये दूषित, गढूळ पाण्यामुळे गवत मेलं आणि त्यावर जगणारे मॅनटी (समुद्री गायी) उपाशी मेले. २०२१ मध्ये फ्लोरिडात सुमारे १,१०० मॅनटींचा मृत्यू नोंदला गेला. सप्टेंबर २०२२ मध्ये त्या लगूनमध्ये रेडफिश धरून घरी न्यायला बंदी घातली गेली.

त्यामुळे ८ इंच पाण्यावरून पळणारी बोट आहे म्हणून ८ इंचांवरून पळू नका. कडेला खोल पाण्यात इंजिन बंद करा, वर उचला, आणि आत बांबूने जा.

वल्हेकरी

शंभर टक्के सहमत. कायदाही तसाच आहे. फ्लोरिडाच्या संरक्षित जलक्षेत्रांत गवत उखडलं तर दंड होतो. टेक्सासातही २०१३ पासून गवत उपटण्यावर बंदी आहे. एव्हरग्लेड्सच्या फ्लोरिडा बेमध्ये काही भाग फक्त बांबू किंवा ट्रोलिंग मोटरनेच ओलांडायचे आहेत, आणि तिथे बोट चालवायला आधी छोटा अभ्यासक्रम करून परवाना घ्यावा लागतो. रेवदंडेकर, हे जाण्याआधी घरूनच करून घ्या.

शिवाय तुमचा जन्म १ जानेवारी १९८८ किंवा त्यानंतरचा असेल तर १० हॉर्सपॉवर किंवा त्याहून मोठं इंजिन चालवायला फ्लोरिडाचं बोट-सुरक्षा कार्डही लागतं.

डोंबिवली_ते_फोर्ट_मायर्स

धागा उशिरा बघितला. बोट वापरलेली घेणार आहात आणि तीही टँपा परिसरातून, म्हणून हे कळकळीने सांगतो.

सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन आणि ऑक्टोबरमध्ये मिल्टन, दोन चक्रीवादळं पंधरा दिवसांच्या आत या किनाऱ्याला लागली. हेलीनचं पाणी लोकांच्या गॅरेजमध्ये शिरलं आणि ट्रेलरवरच्या कित्येक बोटी त्यात बुडाल्या. धुऊन-पुसून त्या बाजारात आल्या. माझ्या मित्राने अशी एक घेतली. दिसायला चकचकीत. तीन महिन्यांत वायरिंगचे जोड हिरवे पडले, मग इंजिनाचा कॉम्प्युटर गेला. सहा हजार डॉलर खर्च झाले.

तपासायचं असं. कन्सोलचं झाकण उघडून वायरींच्या मागचे जोड बघा. हिरवट पूड दिसली तर निघा. ट्रान्सम, म्हणजे इंजिन टांगतात ती मागची भिंत, प्लास्टिकच्या हातोड्याने सगळीकडून ठोका. टणक आवाज हवा, बद्द आवाज आला तर आतलं लाकूड ओलं आहे. मग इंजिन थोडं उचलून त्याच्या खालच्या भागावर वजन टाकून हलवा. ट्रान्सम हलताना दिसला तर बोट कितीही स्वस्त असली तरी नको. इंजिनाच्या सगळ्या सिलिंडरांचं कॉम्प्रेशन मेकॅनिककडून मोजून घ्या. शे-दोनशे डॉलर लागतात. मागे उजव्या बाजूला बारा अक्षरांचा क्रमांक कोरलेला असतो, त्यातले शेवटचे दोन आकडे मॉडेलचं वर्ष. ते कागदांशी जुळवा. आणि २० फुटांच्या आतल्या बोटीवर किती माणसं, किती वजन चालेल ते सांगणारी पाटी असते. ती वाचा. सोळा फुटीवर तुमचं ९०० पाउंड बसतंय का तेही बघा.

ट्रेलर विसरू नका. लोक पंधरा हजारांची बोट तपासतात आणि बेअरिंग न बघता हायवेवर नेतात.

पाणकावळा

एक साधी सूचना. तिन्ही प्रकारच्या बोटी असलेले गाइड टँपात आहेत. प्रत्येकाबरोबर अर्धा दिवस जा, पैसे गेले तरी चालतील. गाइडबरोबर असताना मासेमारीचा परवानाही वेगळा लागत नाही. बायको-मुलीला न्या आणि परत येताना त्यांना विचारा.

रेवदंडेकर

@पाणकावळा, हे करतो. सर्वांचे आभार, तीन आठवड्यांनी येऊन लिहितो.

रेवदंडेकर

तीनचे पाच आठवडे झाले, क्षमस्व.

सोळा फुटीचा मालक सज्जन निघाला. "उठायला किती पाणी लागतं" असं विचारल्यावर म्हणाला, चला दाखवतो. आम्ही दोघं आणि वीस गॅलन पेट्रोल. काठीवर इंचांच्या खुणा करून घेऊन गेलो होतो. चौदा इंचांत कशीबशी उठली, बारात नाही. परत येताना दुपारचा समुद्रवारा सुटला आणि पुलाजवळ दोन फुटी लाटा आल्या. मी पूर्ण भिजलो. मला मजा आली, पण त्या लाटांत मुलगी समोर बसलेली डोळ्यांपुढे आली. वजनाच्या पाटीवरही आमचा हिशेब बसत नव्हता.

मग गाइडबरोबर बे बोटीतून तिघं गेलो. बायको खूश, सावली होती, मुलीने ट्राउट धरला. पण वीडन आयलंडजवळ गाइडने दूर थांबून बोटाने दाखवलं, "मासे तिथे आत आहेत." ओहोटी होती आणि आम्ही आत जाऊ शकलो नाही. अर्धा तास लांबून त्यांच्या शेपट्या बघितल्या.

शेवटी अठरा फुटी घेतली. मचाणासकट, तेवीस हजार दोनशे. डोंबिवलीकरांची सगळी यादी घेऊन गेलो होतो. पहिल्या अठरा फुटीचा ट्रान्सम बद्द वाजला, ती सोडली. दुसरी ही. उरलेल्या पैशांतून मचाणाच्या पायांना अडकवायची, काढता येणारी कापडी सावली शिवून घेतली. अनघाताई, हे तुमच्यामुळे. बायकोने निरोप सांगितलाय, थँक्यू.

तिघं, भरलेली टाकी, बर्फ, सगळं घेऊन उभ्या बोटीशेजारी पाण्यात उतरून मोजलं. मागे अकरा इंच, पुढे नऊ. जलरेषा, तुमचा हिशेब जवळजवळ तंतोतंत. उठायला सतरा इंच लागले. पुढची टपटप आहे थोडी. वजन पुढून मधे सरकवल्यावर कमी झाली. वल्हेकरी, पाच मिनिटं गप्प बसून ऐकलं.

जलरेषा

पुढे-मागे वेगवेगळं मोजलंत हे फार बरं केलंत. एक बॅटरी मागून कन्सोलखाली आणा. मागचा अर्धा इंच नक्की कमी होईल.

वल्हेकरी

अभिनंदन! पहिल्या वाऱ्याच्या दिवशी मचाणावर चढू नका. आधी निवाऱ्याच्या जागी सराव करा. आणि इंजिन बंद पाडणारी दोरी अंगाला अडकवल्याशिवाय वेग घेऊ नका. २६ फुटांखालच्या बोटींना २०२१ पासून तो देशभराचा नियमच आहे.

मालवणचो_झील

लय बेस! आता एकच सांगा. थय पाग टाकूक देतत काय?

रेवदंडेकर

@मालवणचो_झील, देतत! चौदा फूट लांबीपर्यंतचा पाग, म्हणजे हाताने फेकायचं जाळं, चालतो. स्नूक मात्र गळानेच धरायचा, पागात आला तर सोडायचा. पण बोय (इथे मलेट म्हणतात तो मासा) पागाने धरतात, आणि इथल्या जुन्या कोळीवाड्यांत ती लाकडाच्या धुरावर भाजून खातात. टँपाच्या दक्षिणेला कॉर्टेझ नावाचं गाव आहे, तिथे बोयीवर पिढ्यान्‌पिढ्या जगलेली कुटुंबं अजून आहेत.

आजोबांचा पाग काकांनी जपून ठेवलाय, दहा फुटांचा आहे. डिसेंबरमध्ये रेवदंड्याला जाईन तेव्हा आणतो. मुलीला शिकवायला तुम्ही व्हिडिओ पाठवलात तर बरं होईल. माझा हात आता बसत नाही.

मालवणचो_झील

रविवारी सुकतीक (ओहोटीला) जातंय, तेव्हा काढून पाठवतंय.